नदीच्या वाटेचे जाहीर आभार

माझं अक्षरज्ञान पत्रकांवर झालं. आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, एसटीच्या डेपोत कारकून होते आणि नोकरीतून उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. पाण्याची, पगाराची, बंद पडलेल्या गिरणीची, रद्द झालेल्या गाडीची. अमळनेरच्या आमच्या दोन खोल्यांत वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. फडताळात डब्यांखाली तीच अंथरलेली, दिवाळीला चिवडा निथळायला तीच, माझी गणितं त्यांच्याच कोऱ्या बाजूवर. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द मी स्वतःचं नाव लिहिण्याआधी वाचायला शिकले असं आई सांगते. ती हे कौतुकानं सांगत नाही.

आमचं मूळ गाव तापीच्या काठावर आहे. गाव संपलं की दोन शेतांच्या मधून एक वाट उतरायची, एका निंबाला वळसा घालून थेट रेतीत जायची. ती वाट कोणाची, असं कोणी विचारलं नव्हतं. गुरं त्या वाटेनं पाण्यावर जायची, बाया धुणं घेऊन जायच्या, दहाव्याला माणसं जायची आणि श्रावणात कानबाई जायची.

कानबाई खानदेशाबाहेरच्यांना सांगावी लागते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर नारळाची देवी बसते. तिला डोळे, नथ, दागिने, साडी. रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन नदीला पोचवायचं. आमच्या भाऊबंदकीची, म्हणजे एका कुळाच्या सगळ्या घरांची मिळून, कानबाई मात्र एकच आणि ती डोक्यावर घेण्याचा मान माझ्या मोठ्या आईचा, म्हणजे नानांच्या थोरल्या वहिनीचा. तिला अख्खं गाव अक्का म्हणतं. एकदा डोक्यावर घेतली की कानबाई नदीपर्यंत खाली टेकवत नाहीत, मध्येच दुसरीच्या डोक्यावर देत नाहीत. जिनं उचलली तिनंच पोचवायची. ज्या वर्षी जिला पोचवणं झालं नाही, त्या वर्षापासून तिचा मान पुढच्या जावेकडे जातो. अक्काच्या पुढची जाऊ, माझी एक चुलती, तयारच आहे. ती दर श्रावणात अक्काला विचारते, गुडघे कसे आहेत.

वाट होती तोवर गुडघे ठीक होते.

मग जळगावच्या एका शेठनं निंबाच्या अलीकडचं शेत घेतलं, दुसऱ्या वर्षी पलीकडचंही घेतलं. दोन्ही बाजूंचं शेत एकाच माणसाचं झालं की मधली वाट कोणाची, हा प्रश्न आपोआप पडतो आणि तो पडल्यावर बहुतेक वेळा उत्तरही त्याच माणसाकडे असतं. शेठनी नदीकडे तोंड करून बंगला बांधला. चारी बाजूंनी भिंत घातली. वाट होती तिथे फाटक आलं, फाटकावर खाजगी मालमत्तेची पाटी आली आणि पाटीखाली सातपुड्याच्या पायथ्याचा एक रखवालदार आला. पहिले काही दिवस लोक पाटी वाचून परत फिरले. आमच्या गावात साक्षरतेचं प्रमाण चांगलं आहे.

त्या वर्षी कानबाई छोट्या टेम्पोतून गेली. हायवेच्या पुलाशी नदीला उतरायला जागा आहे, पण तिथवर डोक्यावर देवी घेऊन चालत जाणं तरण्या बाईलाही झेपलं नसतं. अक्कानं मान सोडायला नकार दिला आणि खाली टेकवायलाही. ती टेम्पोच्या हौद्यात उभी राहिली, डोक्यावर कानबाई, दोन्ही बाजूंनी दोन सुनांनी तिच्या कमरेला धरलेलं. रस्त्यात एक विजेची तार खाली आली होती, तिथे ती गुडघ्यात वाकली. डफवाले मागून मोटारसायकलवर आले. पुलाखाली एक ट्रक धुणं चालू होतं, तो ड्रायव्हर बिचारा बाजूला झाला. विसर्जन झालं. पुढच्या जावेनं सगळ्यांदेखत मत मांडलं की टेम्पोतून नेणं म्हणजे पोचवणं नव्हे. भाऊबंदकीत यावर मतभेद आहेत आणि ते अजून मिटलेले नाहीत.

दुसऱ्या वर्षी गावची चार शहाणी माणसं शेठना भेटायला गेली. नाना त्यांत होते. ते खास अमळनेरहून गेले आणि खिशात, सवयीप्रमाणे, निवेदन होतं. ते काढायची वेळच आली नाही. शेठ फार भले निघाले. त्यांनी सगळ्यांना सोफ्यावर बसवलं, चहा-बिस्किटं दिली, आणि म्हणाले की देवीसाठी नाही म्हणेल असा माणूस मी नाही, त्या दिवशी फाटक उघडं राहील. एवढंच नाही, कानबाईच्या दिवशी त्यांनी फाटकाशी मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, गुलाबाचं सरबत ठेवलं. शेठनी रोटाचा, म्हणजे कानबाईसाठी केलेल्या गव्हाच्या पोळ्यांचा, प्रसाद मिळेल का म्हणून विचारलं, तेव्हा नानांनी समजावलं की कानबाईचे रोट भाऊबंदकीबाहेर कोणाला देत नाहीत. शेठना ते लगेच पटलं. काही गोष्टी घरातल्या घरातच असाव्यात, म्हणाले.

गाव भारावलं. आमच्याकडे कोणी काही चांगलं केलं की दोन गोष्टी होतात, शाल-श्रीफळ आणि फ्लेक्स. दोन्ही झालं. फ्लेक्सचा मजकूर लिहायला अर्थातच नानांना सांगण्यात आलं. जन्मभर जाहीर निषेध लिहिलेल्या माणसानं पहिल्यांदा जाहीर आभार लिहिले. बसस्टँडवर शेठचा हसरा फोटो, खाली गावकऱ्यांचे छोटे छोटे फोटो आणि मधोमध मजकूर: ‘श्री कानबाई मातेच्या विसर्जनासाठी आपल्या खाजगी जागेतून वाट उपलब्ध करून दिल्याबद्दल समस्त ग्रामस्थांतर्फे जाहीर आभार.’

मी तेव्हा जळगावला खोली घेऊन राहत होते. फ्लेक्सचा फोटो भाऊबंदकीच्या ग्रुपवर आला, खाली हात जोडल्याची चिन्हं ओळीनं. मी नानांना फोन लावला. विचारलं, आपल्या खाजगी जागेतून हे कोणी घातलं?

“मीच. वाक्य तोलून लिहिलं.”

मी म्हटलं, नाना, आपल्याच वाटेनं जायला मिळालं म्हणून आभार मानलेत तुम्ही.

नाना म्हणाले, “माणूस चांगला वागला. चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही, असं कोणत्या पत्रकात लिहिलंय?”

तसं कोणत्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं. ती आमच्या साहित्यातली उणीव होती.

माझं म्हणणं साधं होतं आणि आजही तेच आहे. खाजगी गोष्टी आमच्यातही आहेत. रोट आम्ही बाहेर देत नाही, पण रोटासाठी कोणी नदीला भिंत घातलेली नाही. हक्क म्हणजे ज्याबद्दल आभार मानावे लागत नाहीत ती गोष्ट. एकदा आभार मानले की ती मेहरबानी होते, आणि मेहरबानी करणाऱ्याला पुढच्या वर्षी मूड नसू शकतो.

पुढच्या वर्षी तसंच झालं, फक्त मूड शेठचा नव्हे, त्यांच्या मॅनेजरचा गेला. बंगल्याच्या आवारात लॉन करून लग्नकार्याला द्यायचं ठरलं होतं. होळी होऊन गेल्यावर सरपंचांच्या मोबाइलवर मेसेज आला. भाषा नम्र होती. येत्या कानबाईला वाट देण्यास आनंदच वाटेल, मात्र निवडक महिलांनीच यावं, डफ-बँड आणू नये, गवतावर गुलाल टाकू नये आणि वेळ आधी कळवावी. वर्षातल्या बाकीच्या दिवसांबद्दल मेसेजमध्ये काहीच नव्हतं. बाकीच्या दिवशी फाटकाला कुलूप होतंच.

निवडक महिला कोण, यावरून गावच्या आमच्या गल्लीत दोन भांडणं झाली. दोन्हींत कानबाईचा संबंध नव्हता.

मग नाना आणि मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. जुनी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर ती मोकळी करून मागण्याचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. अर्ज अक्काच्या नावानं केला, कारण अडलं होतं तिचं. गावाच्या नकाशात ती पायवाट दाखवलेली नव्हती. मग वाट आहे हे कशावरून, तर लोक वापरतात यावरून. निकाल लागेपर्यंत फाटकाला कुलूप घालू नये, एवढा हुकूम पहिल्याच तारखेला मिळाला आणि आम्ही खूश होऊन कॅंटीनमध्ये भजी खाल्ली.

दुसऱ्या तारखेला शेठच्या वकिलांनी एक फोटो पुढे केला. फ्लेक्सचा.

तहसीलदार मॅडमनी तो मोठा करून वाचला. त्यांनी विचारलं की हा मजकूर ग्रामस्थांचा आहे का. नाना उभे राहिले. पत्रक कोणाचं, असं विचारल्यावर माझं म्हणायचं, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं. ते म्हणाले, माझा आहे.

मॅडम म्हणाल्या, “काका, यात तुम्हीच लिहिलंय की जागा त्यांची आणि वाट त्यांनी दिली. दिलेली वाट परवानगीची असते, वहिवाटीची नसते.”

मॅडमनी मग अक्काला विचारलं की कानबाईचा दिवस सोडून एरवी या वाटेनं कोण जातं. अक्कानं खरं सांगितलं. पूर्वी बठ्ठं गाव जायचं. आता नळ आले, मशिनी आल्या, गुरं कमी झाली. भिंत नव्हती तेव्हाही शेवटची काही वर्षं नदीला जाणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. वकिलांनी मान डोलावली. मॅडमनी जागा पाहायला स्वतः येईन म्हणून सांगितलं. कधी, ते सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत नाना खिडकीकडे आणि अक्का त्यांच्या शेजारी. मी मागच्या सीटवर. अक्का पुढे बघतच म्हणाली,

“भाऊ, तुम्हीन आभार मानात, तठेच वाट गई.”

नाना म्हणाले, “हो वहिनी.”

तेवढंच. आमच्या घरात याहून कमी शब्दांत कधी काही संपलेलं नाही.

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. नदी कोणाच्याही सातबाऱ्यावर नसते, इथपासून सुरुवात केली आणि जगातल्या सगळ्या काठांवर कसे बंगले येतात आणि बंगल्यांमागे पाणी कसं गायब होतं, इथवर नेलं. मला ते बरं झालंय असं वाटलं. गावात जाऊन अक्काला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदा तांदूळ निवडायचं ताट बदललं. मग विचारलं, “यामा माले करवानं काय शे?”

मी कागद परत पाहिला. तिच्यासाठी करायचं त्यात काही नव्हतं. जागे व्हा असं होतं, पण ती पहाटेच उठते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं कपाटातल्या दोन धुतलेल्या साड्या काढल्या, बादलीत घातल्या, वर साबणाची वडी ठेवली आणि नदीवर निघाली. घरात मुलानं घेऊन दिलेली वॉशिंग मशीन आहे. सून म्हणाली, आई, त्या धुतलेल्या आहेत. अक्का म्हणाली, माहीत आहे.

मी तिच्याबरोबर गेले. फाटक नुसतं लोटलेलं होतं. रखवालदार खुर्चीवरून उठला. त्याला हुकूम माहीत होता. त्यानं एवढंच विचारलं की आज काही कार्यक्रम आहे का.

“धुणं शे,” अक्का म्हणाली.

लॉनच्या मधून आम्ही गेलो. वाटेची खूण उरली नव्हती, सगळीकडे सारखं हिरवं गवत, पण निंब होता. अक्का निंबाकडे बघून चालत राहिली आणि वळसा घालून बरोबर रेतीत उतरली. दोन्ही साड्या तिनं व्यवस्थित धुतल्या, पिळल्या, बादलीत भरल्या आणि आम्ही परत आलो.

ती रोज जाऊ लागली. आठवडाभरात गल्लीतल्या बाया आल्या. कोणाच्या बादलीत चादर, कोणाच्या परकर, एकीनं नव्या टॉवेलचं पॅकेट तिथेच फोडून धुतलं. पुढची जाऊ आली, कारण अक्का एकटीच जातेय हे तिला पटेना. एका म्हाताऱ्यानं शेळी आणली. शेळीनं लॉनवरचं गवत खाल्लं, पण ते वाटेवरचं होतं असं त्याचं म्हणणं. नानांनी अमळनेरहून यायचं ठरवलं. त्यांना धुण्याची सवय नव्हती, म्हणून ते रोज सकाळी नदीवर जाऊन तोंड धुवायचे. आषाढात तापी गढूळ झाली. धुतलेल्या साड्या नदीतून मातकट होऊन यायच्या आणि घरी आल्यावर मशीनमध्ये टाकाव्या लागायच्या. विजेचं बिल वाढलं म्हणून अक्काचा मुलगा कुरकुरला. अक्कानं त्याला सांगितलं की वाटेला तेवढं लागतंच.

मला पत्रकांच्या घरात कोणी शिकवलं नव्हतं ते असं की हक्क वापरावा लागतो, आणि वापरणं हे काम कंटाळवाणं असतं. त्यात घोषणा नसतात. गवत मरतं, एवढंच दिसतं. आधी पिवळं पडलं, मग बसलं, मग मधून मातीचा पट्टा वर आला.

तो पट्टा वर आला त्या आठवड्यात शेठ आले. सकाळी आम्ही नदीवरून परतत होतो. ते बंगल्याच्या पायऱ्या उतरून समोर आले, मागे नोकराच्या हातात ट्रे, ट्रेमध्ये कपबशा. शेठनी हात जोडले. म्हणाले, “अक्का, रोज येता, दमत असाल. चहा घ्या.”

चहाला नाही म्हणणं आमच्याकडे भांडणाचं पहिलं वाक्य असतं. बाया थांबल्या. पुढच्या जावेचा हात कपाच्या दिशेनं गेलाही होता. नाना माझ्या शेजारी उभे होते. सरबत आणि खुर्च्यांनंतर काय झालं होतं हे सगळ्यांना आठवत होतं, फक्त कप हातात घ्यायचा की नाही हे कोणाला कळत नव्हतं.

अक्कानं बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“शेठ, चहा घेसू. तुमना घर बलावा, घर येसू, बशीसन पिसू. पण आठे नही. वाटवर आम्ही पाव्हना नही.”

शेठना अहिराणी कळते. मग त्यांनी नोकराला ट्रे आत न्यायला सांगितलं. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. मला वाटतं, त्यांना पहिल्यांदाच कोणी ते कुठे उभे आहेत हे दाखवलं होतं. ते बंगल्यात नव्हते, वाटेत होते. ते बाजूला झाले आणि आम्ही पुढे आलो.

मॅडम एका भर पावसात आल्या. न कळवता. त्यांनी छत्री घेऊन फाटकापासून रेतीपर्यंत चालून पाहिलं. वकील म्हणाले की ही वाट या काही महिन्यांत मुद्दाम पाडलेली आहे. मॅडमनी अक्काला विचारलं की हे खरं आहे का. अक्का म्हणाली की हो, मुद्दामच. वाटा चालूनच पडतात, ही पहिलीही तशीच पडली होती. मग मॅडमनी विचारलं की भिंत नसताना वाट नेमकी कुठून जायची. निंबाच्या कोणत्या बाजूनं वळायचं, हे सहा-सात म्हाताऱ्यांनी आणि त्या शेळीवाल्यानं एकाच बाजूला बोट करून सांगितलं. नवा पट्टाही त्याच बाजूनं गेला होता. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि चिखलाचे पाय आमच्याच नळावर धुतले.

कानबाईचा सोमवार आला तेव्हा निकाल आलेला नव्हता. फाटक उघडं होतं. मांडव नव्हता, खुर्च्या नव्हत्या, पाटी तेवढी होती. डफ वाजत होता. अक्काच्या डोक्यावर कानबाई, नथ हलतेय, गुलालानं अक्काच्या भुवया लाल. बाया सगळ्या, निवडक नव्हेत. नाना पुढे चालत होते. फाटकाशी रखवालदार दिसला तेव्हा त्यांचा उजवा हात नमस्कारासाठी अर्धा वर गेला. त्यांनी तो तसाच पुढे नेऊन टोपी नीट केली.

बंगल्याच्या कोपऱ्याशी शेठीणबाई उभ्या होत्या. हातात आरतीचं ताट आणि पाण्याचा तांब्या. गावातून कानबाई निघते तेव्हा वाटेवरच्या प्रत्येक घरातली बाई अशीच दारात येते, डोक्यावर देवी घेणारीच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते. कोणी बोलावत नाही, कोणी परवानगी मागत नाही. जिच्या दारावरून वाट जाते तिचा तो मान असतो. त्यांना हे कोणी सांगितलं, की माहेरचं माहीत होतं, मला कळलेलं नाही. आम्ही जवळ आलो तसा डफ थांबला. बायांनी अक्काकडे पाहिलं.

अक्का थांबली. कानबाई डोक्यावरून काढली नाही, काढायची नसतेच. शेठीणबाई आपल्या पायरीवरून खाली आल्या आणि वाटेवर येऊन त्यांनी अक्काच्या पायांवर पाणी घातलं. ओवाळलं. अक्कानं एका हातानं कानबाई सावरली आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या कपाळाला गुलाल लावला. आभार कोणीच मानले नाहीत. डफ पुन्हा सुरू झाला आणि आम्ही निंबाला वळसा घालून रेतीत उतरलो. अक्कानं कानबाई स्वतः पाण्यात सोडली. पुढची जाऊ म्हणाली, गुडघे बरे दिसतात.

निकाल दिवाळीनंतर आला. वाट वहिवाटीची आहे, मोकळी ठेवावी. नाना ते वाचून दाखवायला म्हणून उभे राहिले आणि मग त्यांनी बसूनच वाचलं. गावात फ्लेक्स लावायची सूचना आली, मॅडमच्या जाहीर आभाराचा. नाना म्हणाले, नको. शेठनी वर अपील केलं आहे आणि ते चालू आहे. अपिलाच्या पहिल्या तारखेनंतर त्यांनी अक्काला घरी चहाला बोलावलं. ती गेली, बसून प्याली, साखर जास्त होती म्हणाली.

अपील चालू आहे म्हणून धुणंही चालू आहे. अक्काच्या त्या दोन साड्या वर्षभरात एकदाही न नेसता विटल्या आहेत. गेल्या महिन्यात तिनं कपाटातून आणखी दोन काढल्या.